झुंबरकाकांच्या कांद्यांवर उडी

साधनाने मोडक्या छत्रीचे दोन्ही तुकडे साक्षीसमोर टेबलावर ठेवले.

"बोल," ती म्हणाली.

नऊ वर्षांची साक्षी मान खाली घालून फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत बसली होती. पलीकडे दिवाणावर साधनाची आई, गोजराबाई, पाठीला दोन उशा लावून शेंगा सोलत होत्या. एरवी मध्ये मध्ये बोलणाऱ्या बाईंच्या तोंडाला आज कुलूप होतं.

दुपारी साधना ऑफिसात असताना तळमजल्यावरच्या झुंबरकाकांचा फोन आला होता. "ताई, तुमच्या गॅलरीतून तारेवरून उडी पडली माझ्या कांद्यांवर. पत्रासुद्धा वाकला. लवकर या."

वर्षाचा कांदा काकांनी विंचूरहून आणून पार्किंगमध्ये पसरला होता, वर सावलीला पत्रा टाकला होता. आणि गणपतीत माळा सोडायला पहिल्या मजल्यावरच्या साधनाच्या गॅलरीपासून गेटच्या खांबापर्यंत बांधलेली तार अजून कोणी काढली नव्हती. आपल्याकडे बांधायला दहा जण येतात, सोडायला एकही नाही. त्या तारेत छत्रीची मूठ अडकवून खाली घसरायचं हे डोकं कुठून आलं, ते साधनाला विचारावंही लागलं नाही. ती धापा टाकत पोचली तेव्हा आजी-नात दोघी कांद्यांच्या राड्यात उभ्या होत्या. आजीचा हात नातीच्या खांद्यावर होता.

"सकाळी काय लावलं होतं टीव्हीवर?"

"पिक्चर."

"कोणता?"

"तोच. कोटवाल्या डिटेक्टिव्हचा."

साधनाचं टाळकं सणकलं. तो कार्टूनमधला कोटवाला तिच्या डोक्यात जायचा. बाराव्या मजल्यावरून उडी काय मारतो, खाली येता येता दोन चोरांना ठोसे काय लगावतो, धावत्या ट्रकवर उभा काय राहतो, आणि एवढं होऊन डोक्यावरची टोपी जागच्या जागी! वर हवेत लोंबकळत खून कोणी केला तेही सांगून मोकळा. खऱ्या माणसाने केलं असतं तर त्याला सुपात गोळा करून न्यावं लागलं असतं. हे बनवणाऱ्यांना कोणी एकदा तरी जिन्यावरून घसरून पडायला सांगितलं पाहिजे, असं तिला मनापासून वाटायचं.

"त्याला हाडं नसतात, साक्षी! तो चित्रातला आहे. पडला तर पुसून परत काढतात. तुला कोण परत काढणार होतं?"

"पन त्यो पाय पोटाशी घेतो," दिवाणावरून आवाज आला. "म्हनून निभतं त्याला."

"आई, तू त्याची वकिली करू नकोस."

"म्या कुठं. दिसलं ते सांगितलं."

"तुला तर काही दिसतच नाही!" साधना वळली. "पोरगी गॅलरीतून खाली झेप घेते आणि तुझ्या शेंगा चालूच. मग तू इथे राहून उपयोग काय? दादाशी बोललेय मी. रविवारी देवळ्याहून येऊन तो तुला घेऊन जाईल. हिला पाळणाघरात घालते."

माळ्यावरून उतरवलेली बॅग दाराशीच होती. गोजराबाईंचा हात थांबला. देवळ्यात लेक-सून उजाडल्यापासून मळ्यात असायचे. दिवसभर बोलायला शेळ्या तेवढ्या. इथे शाळा सुटली की नात होती, आणि नातीबरोबर टीव्ही होता.

"साधे, आइक जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"आजीची काही चूक नाही!" साक्षी ताडकन उठली. "ती नको नको म्हणत होती. मीच तिला आतल्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली, मग गॅलरीत गेले. आजी, तू बोलू नको. मीच केलं, आई. शप्पथ."

साधना खाली बसली. तिने साक्षीचे कोपर पाहिले, गुडघे पाहिले, मान वळवून पाहिली. एक ओरखडा नव्हता. आता राग ओसरून तिला नुसतं रडू येत होतं.

"महिनाभर टीव्ही बंद," ती म्हणाली. "आणि उद्या काकांचा कांदा निवडून द्यायचा. एकटीने."

"हो," साक्षी म्हणाली. इतक्या चटकन, की साधनाला नवलच वाटलं. शिक्षा ऐकून पोरीचा चेहरा उजळला होता. निर्लज्ज झालीय, तिच्या मनात आलं.

मग तिने बॅग उचलून परत माळ्यावर टाकली, दादाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि चहा टाकला. कप घेऊन ती दिवाणाशी गेली.

"आई, उगाच बोलले तुला. चुकलं माझं."

"आसू दे गं," गोजराबाई म्हणाल्या. कप घेताना त्या किंचित कण्हल्या. "संधिवात. आज लय धरलंय कमरेला."

साधनाला अपराधी वाटलं. आई म्हातारी झाली, आणि आपण तिच्यावर द्वाड पोर सोपवून दिवसभर ऑफिसात बसतो. तिने बाम आणून दिला, उशी सारखी केली.

सात वाजता सोसायटीचे सेक्रेटरी कुंदन यांनी गेटवरच्या कॅमेऱ्याची क्लिप मोबाइलवर पाठवली. 'ताई, ही एकदा तुम्हीच बघून घ्या,' एवढंच खाली लिहिलं होतं. पोरीचे प्रताप बघायला आता तिच्यात त्राण नव्हतं, तरी दातओठ खात तिने ती लावली.

साक्षी पार्किंगमध्ये उभी होती. घरातली गादी कशीबशी पत्र्याकडे ओढत, वर बघून हात जोडत, रडत नको नको म्हणून मान हलवत होती. आणि वर, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, छत्रीच्या मुठीला लोंबकळत, गोजराबाई सुसाट खाली येत होत्या.