न मागितलेला कौल

तैवानमधल्या तैनानच्या देवळाच्या अंगणात यूशानची नवी साडेसहाशे सीसीची बाइक पूजेसाठी उभी होती. आत यूशानला शेजारी घेऊन तिच्या सासूने देवीपुढे कौलाच्या दोन लाकडी फाका टाकल्या. “माते, रोज कामावर जायला सुनेला स्कूटरच बरी ना?” दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे हो-नाही न सांगता देवी नुसतीच हसली. “बघ, तीसुद्धा हसतेय तुला! भाजीची पिशवी कुठे अडकवशील या घोड्याला?” “आई, पिशव्या अडकवलेली स्कूटर पुलावर ट्रकच्या वाऱ्याने भेलकांडते. ही जड आहे, रस्ता सोडत नाही.” सासूने फाका पुन्हा उचलल्या. “देवीला विचारून घेतलीस का गं?” “नाही. रोजच्यासारखी उदबत्ती लावून ‘सांभाळ’ एवढंच म्हटलं. गाडी माझी मी ठरवली. ती रागावलीय का, विचारा आता.” सासूने फाका मुठीत आवळल्या, टाकल्या मात्र नाहीत. यूशानने बाहेर येऊन हँडलला लाल फीत बांधली आणि गाडी सुरू केली.