घरातला संवाद : नमुन्याचे तीन भाग

“आता एक तास या घरात कुणीही आवाज करायचा नाही!” असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून निवृत्त प्राचार्यांनी पंखा बंद केला. कुकर, मिक्सर आणि दाराची बेल यांच्यावर सकाळीच बंदी आली होती. बाहेरच्या खोलीत कपाटं येऊन पडली होती, कारण लाकडावरून आवाज उसळतो असं प्राचार्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बसायला जागा उरली नाही. त्यांची बायको आणि राहायला आलेली त्यांची धाकटी बहीण, उसवायच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन, झोपायच्या खोलीत पलंगावर जाऊन बसल्या. त्याच खोलीत मधोमध रजई टांगून प्राचार्यांनी स्टुडिओ केला होता. रजईच्या अलीकडे टेबल, पलीकडे पलंग. मध्ये जेमतेम हातभर अंतर.

ऑडिओ मालिका काढणाऱ्या एका संस्थेने जाहिरात देऊन नमुन्याचे तीन भाग मागवले होते. पसंत पडले तर पूर्ण मालिका. विषय प्राचार्यांनीच निवडला होता : ‘घरातला संवाद’. निवृत्तीच्या समारंभात त्यांचं भाषण चालू असताना मध्येच माइक बंद पडला होता. तो चालू करायला भरल्या सभागृहातून एकही माणूस उठला नव्हता. गेले आठ महिने प्राचार्य ते उरलेलं भाषण पोटात घेऊन फिरत होते. घरात कुणी ऐकत नव्हतं आणि बाहेर त्यांना पाहून लोक रस्ता ओलांडत होते. आता ही मालिका, नाहीतर काहीच नाही.

माइक निवडायला त्यांना तीन आठवडे लागले. बायको निवडायला एक दुपार पुरली होती.

“सर, सुरुवातीला हा उत्तम,” दुकानदार म्हणाला होता. “फक्त हा एकाच बाजूचं ऐकतो बरं का. हा चांदीचा बिल्ला दिसतोय ना, तो ज्या बाजूला...”

“मला माइक शिकवताय? चौतीस वर्षं माइकसमोर उभा आहे मी.”

दुकानदार संसारी माणूस होता. त्याने पुढचं न बोलता खोकं बांधलं.

घरी येऊन प्राचार्यांनी सगळी जुळणी एकट्याने केली. माइक दांडीवर चढवला. प-फ म्हणताना उडणारी हवा अडवायला पुढे जाळी लावली. माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक डबा असतो, तोही जोडला. व्यासपीठावर नावाची पाटी नेहमी श्रोत्यांकडे तोंड करून असते, या शिरस्त्याने बिल्ल्याची बाजू त्यांनी पलीकडे, रजईकडे वळवली. हेडफोन कानांवर चढवला. तो कशात खुपसायचा ते माहितीपत्रकाच्या सातव्या पानावर होतं आणि प्राचार्य सहाव्या पानावरच समाधानी झाले होते. त्यामुळे हेडफोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं, पण बाहेरचंही काही ऐकू येत नव्हतं. त्यांना ही व्यवस्था आदर्श वाटली.

त्यांच्या बोलण्यावर डब्यावरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकायचा. त्यांनी आवाज वाढवायचं बटण पिळलं. अजून पिळलं. मग ते श्वास घ्यायला थांबले तरी दिवा नाचत राहिला. आपल्या मौनालाही वजन आहे, याची त्यांना शंका नव्हतीच.

“संवाद म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणं,” ते बोलू लागले.

“वहिनी, दादा लहानपणीही असाच गं,” पलीकडे बहीण शिवण उसवत पुटपुटली. “आरशासमोर उभं राहून आरशालाच सूचना द्यायचा.”

“आरसा कंटाळला, म्हणून मला करून आणलं,” बायको म्हणाली. “काल मला बिस्किट बुडवायची योग्य पद्धत समजावली. वीस मिनिटं. चहावर साय धरली गं!”

तीन दिवसांत तीन भाग झाले. प्राचार्यांनी ते न ऐकताच पाठवले. आपलं बोलणं ऐकण्याचं काम त्यांनी जन्मभर दुसऱ्यांवर सोपवलं होतं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. त्यांनी बायकोला आणि बहिणीला हाक मारली, समोर बसवलं आणि फोनचा स्पीकर चालू केला.

“अभिनंदन!” संस्थेच्या बाई म्हणाल्या. “बारा भाग हवेत आम्हाला.”

पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीकडे पाहावं तसं प्राचार्यांनी बायकोकडे पाहिलं.

“काय बोलतात हो त्या दोघी! आख्खं ऑफिस कामं टाकून ऐकत होतं. तो बिस्किटवाला नवरा तर... आमचे साहेब म्हणाले, असा माणूस खरा असूच शकत नाही, लिहिणारी बाई ग्रेट आहे. आणि नाव ‘घरातला संवाद’. अगदी चपखल!”

बहिणीने रुमाल तोंडात कोंबला. बायकोने नवऱ्याकडे पाहायचं टाळून चष्मा पुसायला घेतला.

“एकच सुधारणा. मागे कोणी गृहस्थ सारखे काहीतरी बडबडत असतात. शब्द लागत नाहीत, पण थांबतही नाहीत. आधी वाटलं शेजारचा रेडिओ आहे. त्यांचं तेवढं बघाल का? नाहीतर मालिका अडेल.”

“बघतो,” प्राचार्य म्हणाले. आवाज कधी नव्हे इतका हळू होता.

“थँक यू. आणि हो, पत्रात नाव घालायचंय. आपण कोण बोलताय?”

प्राचार्यांनी तोंड उघडलं. बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधावा लागला.

“मी होय? मी यांचं रेकॉर्डिंग बघतो.”