शेजार

दिघीजवळच्या त्या वाडीत अनुया घर बघायला आली ती नेमकी दिवेलागणीला. अंगणं लख्ख झाडलेली, खिडकीखिडकीत देवापुढच्या दिव्याचा उजेड, आणि कुठे चढा आवाज म्हणून नाही. "शेजार असावा तर असा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि ठाण्यातला फ्लॅट विकून महिन्याभरात दोघं कायमची राहायला आली.

सामान उतरलं तसे शेजारचे हरीभाऊ चाव्यांचा जुडगा घेऊन दारात उभे. "माणसं सगळी मुंबईला गेली, पण देव अंधारात कसे ठेवायचे? तेरा घरांत रोज मीच दिवा लावतो. आता तुम्ही लावा."

जुडग्यात चाव्या मात्र चौदा होत्या.



"ती माझ्या घराची," हरीभाऊ म्हणाले. "उद्या लेक न्यायला येतोय."