आबांना फोन दे

कारगिलची लढाई पेटल्यापासून तुकाबाई रोज जुन्नरच्या बाजारात, फतेचंदशेठच्या दुकानातल्या फोनजवळ येऊन बसायची. मधेच नवरा राघू वारला, पण आघाडीवरच्या लेकाला, गोरक्षला तिनं ते कळवू दिलं नाही. "सुट्टी तर मिळायची न्हाई. ध्यान उडालं, तर माजं पोरबी जाईल," म्हणायची.

अखेर गोरक्षचा फोन आला.

"आये, उद्या आमी डोंगर चढणार. परत फोन व्हईल का न्हाई, ठावं न्हाई. आबा आल्यात का संगं?"

"हायेत की," तुकाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मग आबांना फोन दे."

तिनं रिसीव्हर शेठच्या हातात कोंबला आणि हात जोडले. राघूला शेठ तरुणपणापासून ओळखत होते. त्यांनी घसा खाकरला आणि राघूसारखा भरडा आवाज काढला, "गोरक्षा, मी हाय हितं. घरची काळजी करू नगं. जपून ऱ्हा, लेकरा."



"व्हय आबा, जपतो," गोरक्ष म्हणाला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "माज्या आयला संभाळा, शेठ."