खुरातली धग

कल्पना कर बाळा, तुझं पाऊल घट्ट बुटात सुजलंय आणि बूट निघतच नाही. घोड्याचा खूर असाच असतो. आत सूज आली तरी कठीण कवच फुगत नाही. आतलं हाड मात्र सुटत सुटत खाली घसरतं. मग घोडा कायमचा बसतो.

आफरीनचे अब्बा वरातीला घोडी देत. काल लग्नघरच्या बायकांनी कौतुकानं अब्बांच्या चांदणी घोडीपुढे भिजवलेल्या हरभराडाळीची परात धरली. एकीची संपली, की दुसरीची. "नवरदेवापेक्षा घोडीच जास्त जेवली!" बँडवाले हसले.

आज दुसऱ्या वरातीसाठी अब्बा मांडवाबाहेर तिच्यावर झूल चढवत होते. चांदणी पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. पाऊल उचलेना.

"नखरे! चालली की मोकळी होईल," अब्बा म्हणाले.

आफरीननं खुरावर तळहात ठेवला. सावलीतही तो उन्हातल्या दगडासारखा तापला होता. खुराच्या वर नाडी धडधडत होती.

"अब्बा, कालची डाळ बाधून खुरात उतरलीय. आपली आधीची घोडी पण अशीच उभी होती. तुम्ही तिला चालवलंत, आणि ती गेली."

"गप! नवरदेव खोळंबलाय." अब्बांनी लगाम ओढला. चांदणी कण्हली.

बँड सुरू झाला. मांडवाच्या दारात सरबतासाठी फोडलेला बर्फ पसरट टबात ठेवला होता. आफरीननं तो टब ओढत आणला, चांदणीचा पुढचा एक पाय उचलून त्यात ठेवला, मग दुसरा. आणि अब्बांच्या हातातला लगाम काढून घेऊन घोडीपुढे उभी राहिली.