सूचना पहिली

नव्या राष्ट्रीय शहर धोरणासाठी सूचना गोळा करायला आलेल्या अधिकाऱ्यानं नगरपरिषदेच्या सभागृहात तिसऱ्यांदा विचारलं, "भगिनींनो, शहरात काय हवं? धोरण सर्वांचं आहे, बोला की!" तीसेक बायका पदर सावरत एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यानं वहीत लिहिलं, 'महिलांची सूचना नाही.'

मंडईत बायकांसाठी संडास नाही, म्हणून चाळीस वर्षं मथुराबाई पाणी न पिता भाजी आणत होत्या. पण गावातल्या सगळ्या पुरुषांसमोर तो शब्द काढायचा कसा? मग त्यांना आठवलं, चारचौघांत बोलायची एक रीत तर आपल्याला लहानपणीच शिकवली आहे. त्यांनी माइक ओढला आणि ठसक्यात उखाणा घेतला,

"चार पिशव्या भाजी घेते, घोटभर पाणी पीत नाही,
मंडईत संडास बांधा, नाहीतर त्रिंबकरावांचं नाव घेत नाही!"

सभागृह हसून लोळलं आणि बायकांच्या जिभा सुटल्या. कुणी बस मागितली, कुणी फूटपाथ, प्रत्येक मागणीला आपापला नवरा जोडून. शेवटी अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं, "सूचना पहिली, महिला स्वच्छतागृह. सुचवणारे, त्रिंबकराव."

"अहो, सूचना माझी!" मथुराबाई कडाडल्या.

बायका मागच्या रांगेतल्या त्रिंबकरावांकडे वळल्या. "आता तुम्ही घ्या नाव!"

चोपन्न वर्षं बायकोला नुसतं 'अगं' म्हणणारे त्रिंबकराव लाल कानांनी उठले. "लिहा, साहेब," ते पुटपुटले, "सूचना आमच्या मथुरेची."

यमक काही जुळलं नाही, तरी बायका ओरडल्या, "पुन्हा, पुन्हा!"