जवळचं माणूस

"नवरा?" नव्या डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"नाही," लॉर्ना म्हणाली.

"घरात आणखी कोण?"

लॉर्नाने दाराकडे पाहिलं. ते बोटभर उघडं होतं. पलीकडे नावं नोंदवणारी आयव्ही बसायची, आणि आयव्हीच्या कानावर पडलेलं दुपारपर्यंत बंदरावर पोचायचं. "एक बाई आहे. खोली भाड्याने घेतलीय तिने."

डॉक्टरबाईंची बोटं बराच वेळ चालली. एवढ्याशा उत्तराचं इतकं काय लिहायचं?

"काय लिहिलंत?"

"भाडेकरू."

लॉर्ना हाताची घडी घालून बसली. कालवं फोडून फोडून चरे पडलेले ते हात. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत तिने आधीच्या डॉक्टरला खरं काय ते सांगितलं होतं. "मग तुला गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरजच नाही," म्हणत त्याने हसून तिला वाटेला लावलं होतं. आता पाळी बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर अंगावरून रक्त जात होतं, आणि गुरुवारी होबार्टच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन होतं.

"ऑपरेशननंतर पहिला फोन कुणाला करायचा? जवळचं माणूस लागतं. भाडेकरू चालत नाही."

मुद्दाम उकरतेय ही, लॉर्नाला वाटलं. "तुम्हाला नक्की काय काढून घ्यायचंय माझ्याकडून?"

"फोन नंबर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लॉर्नाने उठून दार लावलं. "ती स्क्रीन इकडे फिरवा. लिहाल ते मला दिसलं पाहिजे."

डॉक्टरबाईंनी फिरवली.

"मर्ल टिबट. जोडीदार. एकवीस वर्षं झाली." उमटणाऱ्या एकेका अक्षरावर लॉर्ना डोळा ठेवून होती. डॉक्टरबाईंच्या ओठाचा कोपरा जरी हलला असता, तरी ती तडक निघाली असती. तो हलला नाही.

"हे तिकडे कोण कोण वाचणार?"

"ऑपरेशन करणारे. नर्स." डॉक्टरबाईंनी कीबोर्डवरून हात काढले. "ते कसे वागतील, याची हमी मी नाही देऊ शकत. खोडू का?"

लॉर्नाने चष्मा चढवून ती ओळ पुन्हा वाचली.

"नाव चुकलंय," ती म्हणाली. "मर्लच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई येतो."